कासवाची झोप आणि माझी दया

कासवीचा दृष्टांत मी कीर्तनात किती वेळा सांगितला असेल, त्याचा हिशेब नाही. कासवी नदीच्या या तीरावर, पिले पैलतीरावर. तिला पान्हा नाही, ती नुसत्या दृष्टीने पिलांना पोसते, तशी माउलीची आपल्यावर नजर. वाचकांनीही तो शेकडो वेळा ऐकला आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील ५८व्या श्लोकातले अवयव आवरून घेणारे कासवही मी चाळीस वर्षे सांगत आलो. देवळाच्या सभामंडपातल्या दगडी कासवाला हात लावून कपाळाला लावला. पण जिवंत कासव तळहातावर घेतले ते वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, आणि तेही इंग्लंडात.

गळा बसला, कीर्तन थांबले, तेव्हा लेक म्हणाली, "आबा, एक हिवाळा आमच्याकडे काढा." दसऱ्यानंतर मी लेस्टरला गेलो. तिथे नातीचे कासव होते. वय सात, नाव बिस्किट. जमिनीवर राहणारी ही जात मूळची भूमध्य समुद्राकाठची, तिला हरमनचे कासव म्हणतात. नातीने ते पैदास करणाऱ्याकडून रीतसर दाखल्यासह घेतलेले. पूर्वी ही कासवे जहाजे भरभरून त्या देशात येत आणि थंडी कशी काढवायची हे ठाऊक नसलेल्या घरांत पुष्कळशी पहिल्याच हिवाळ्यात मरत. १९८४ साली ती आयात बंद झाली. घरोघरच्या माणसांनी ती प्रेमानेच पाळली होती, हे लक्षात ठेवावे. पुढे त्याचे काम आहे.

ऑक्टोबर सरत आला आणि नातीने बिस्किटाचे खाणे बंद केले. तीन आठवडे अन्न नाही, फक्त रोज कोमट पाण्यात बसवायचे. मी हळहळलो. मुक्या जिवाला उपाशी ठेवायचे? ती मोडक्या मराठीत म्हणाली, "आबा, त्याचं पोट गार झालं की अन्न पचत नाही, आत सडतं. झोपायच्या आधी पोट रिकामं पाहिजे." एकादशी करणाऱ्या माणसाला हे समजायला हरकत नव्हती, पण मनाला पटेना. देव कार्तिकीला जागे होतात, हे महाशय त्याच सुमारास निजायला निघाले, याचे मात्र हसू आले.

निजायची जागा म्हणजे गॅरेजमधला छोटा फ्रिज. मी आधी थट्टाच समजलो. पण रीत तशी आहे. माती घातलेल्या डब्यात कासव ठेवायचे, डब्याला भोके पाडायची, आणि आत ५ अंशांच्या आसपास उष्णता राखायची. शून्याखाली गेली तर ते गोठते, वाचले तरी डोळे जाऊ शकतात. १० अंशांच्या वर गेली तर झोप मोडते. आपल्या मुलखात ते स्वतः माती उकरून आत शिरते. परक्या हवेत कधी गारठा, कधी ऊन, म्हणून ही यांत्रिक माती. नात रोज संध्याकाळी फ्रिजचे दार उघडी, तापमापी पाही, डब्यात डोकावे, आणि अर्ध्या मिनिटात दार लावी. हात लावीत नसे. आत हवाही खेळे. आठवड्याने एकदा काट्यावर वजन करी. निजताना ते ५२० ग्रॅम होते. दहावा हिस्सा, म्हणजे ५२ ग्रॅम, यापेक्षा जास्त घट झाली तर धोका. वहीत आकडे होते: ५१४, ५०९, ५०५.

जानेवारीत मंडळी दोन दिवसांसाठी बाहेरगावी गेली. मी घरी एकटा. बाहेर बर्फ. माझ्या खोलीत लेकीने उष्णता इतकी वाढवून ठेवलेली की रात्री घसा कोरडा पडे. तिला वाईट वाटेल म्हणून मी बोलत नसे. त्या संध्याकाळी हरिपाठ म्हणून झाल्यावर मनात आले, मी इथे उबेत आणि तो जीव तिकडे फ्रिजमध्ये. उठलो, दार उघडले, डब्यात हात घातला. दगडासारखे गार. डोळे मिटलेले. मला रडू कोसळले. मी त्याला उचलले, शालीत गुंडाळले, खोलीत हीटरजवळ ठेवले आणि शेजारी नामस्मरण करीत बसलो. पहाटे एक पाय हलला. त्या वेळी मला झालेला आनंद लपवीत नाही. मेलेला उठवावा असे वाटले.

नात परतली. ओरडली नाही. तिचा चेहरा पांढरा पडला. "आबा, तुम्ही त्याला उठवलंत." मग काटा आणला. तोपर्यंतचे शेवटचे वजन ४९६ होते.

एकदा नीट उठलेल्या कासवाला पुन्हा निजवू नये, असे तिने जाणत्या माणसाला फोन करून विचारून घेतले. म्हणजे उरलेला हिवाळा त्याला जागते ठेवणे आले. जेवणाच्या टेबलावर लाकडी पेटी मांडली. एका टोकाला दिवा, त्याखाली ३० अंशांहून जास्त ऊब. दुसरे टोक थंड, म्हणजे त्याला वाटेल तिकडे सरकता यावे. उन्हाऐवजी अतिनील किरणांचा दुसरा दिवा, नाहीतर कवच मऊ पडते. अंघोळीचे काम मी मागून घेतले. रोज सकाळी उथळ ताटात कोमट पाणी, त्यात बिस्किट, समोर मी. पाणी प्याले, पण खाईना. एक दिवस, दोन, पाच. काटा ४७१ वर आला. ४६८ ची रेघ नातीने वहीत लाल शाईने ओढली होती. ती रेघ मी दिवसातून दहादा पाहिली. सहाव्या दिवशी तिने बागेतून डँडेलियनचे पान आणले, आपल्या पाथरीसारखेच दिसते; त्याने त्याचा एक लचका तोडला. मी देवापुढे साखर ठेवली.

आता मुद्द्याचे. माझा भाव खोटा होता का? पूर्वपक्ष असा की भाव शुद्ध असेल तर कर्माचा दोष लागत नाही. देव भावाचा भुकेला. हे मी व्यासपीठावरून ठासून सांगितले आहे आणि देवाच्या बाबतीत आजही सांगेन. पण त्या पाच दिवसांत एक गोष्ट ध्यानात आली. देवाला काही उणे नाही, म्हणून त्याला नुसता भाव चालतो. वाळलेले पान वाहिले तरी त्याचे काही बिघडत नाही. जिवाला उणे असते. त्याला माझा भाव खाता येत नाही, पांघरता येत नाही. त्याला त्याची वस्तू लागते, त्याच्या वेळी, त्याच्या मापाने. देवापुढची रीत मी जिवापुढे चालवली. माझी शुद्धता माझ्यापाशी राहिली आणि ग्रॅम त्याचे गेले.

आणखी खोल पाहिले तर भावही पुरता शुद्ध नव्हता. थंडी मला वाजत होती. त्याची थंडी मी पाहिलीच नाही, माझीच त्याच्या अंगावर घातली. माझा कळवळा शमला, त्याला मी दया म्हटले. लेकीने माझी खोली तापवली तिची जात तीच. फरक इतकाच की मला तोंड होते आणि मी गप्प राहिलो. त्याच दिवशी तिला सांगितले, "बाई, तेवढी ऊब कमी कर." ती म्हणाली, "आबा, तीन महिने का नाही बोललात?" उत्तर नव्हते.

मग सगळीच कासवे थंडीत ठेवावीत काय? नाही. आपल्याकडचे चांदणी कासव अशी झोप घेत नाही, त्याला ऊबच लागते. मुळात ते घरात ठेवणेच १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. भाग्य उजळावे म्हणून ते पेटीत कोंडणारे भाविक मला ठाऊक आहेत, त्यांच्या घरी माझी कीर्तनेही झाली आहेत. तेव्हा मी बोललो नाही, हेही इथे नोंदवतो.

राहिला कासवीचा दृष्टांत. नातीने सांगितले की कासवी अंडी घालते, माती लोटते आणि निघून जाते. पिलांचे तोंडही पाहत नाही. आधी मी चपापलो. मग शास्त्राची आठवण झाली, दृष्टांत एकदेशी असतो; त्याचा एकच भाग घ्यायचा, बाकीचा ओढायचा नाही. तो एक भाग मी गॅरेजमध्ये पाहिला होता. मुलगी रोज दार उघडते, पाहते, हात मागे ठेवते, दार लावते. चाळीस वर्षे मी त्या दृष्टांतात पोसणे सांगितले. कासवी जवळ जात नाही, हा शब्द प्रत्येक वेळी तोंडातून गेला आणि कानावर पडला नाही.

एक शंका मात्र सुटलेली नाही. पिंजऱ्यात जन्मलेल्या जिवाला उत्तम सांभाळले, तरी सांभाळण्याची वेळ आणली कोणी? नात म्हणते, "आबा, आता तो आहे ना, मग त्याचं करायला पाहिजे." तिच्यापुढे मी वाद केला नाही.

मी चैत्रात गावी परतलो. यंदा कार्तिकीच्या आठवड्यात तिचा फोन आला, बिस्किट ६१० ग्रॅम भरले, आज निजवले. आता दर रविवारी मोबाइलवर नुसता आकडा येतो. पहिला ६०६, मग ६०३. परवाचा ६०१. मी तो हरिपाठाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवतो.