शुद्धिपत्र आणि प्रमाणपत्र

कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या कसमादे पट्ट्यात इंग्रजी घेऊन एम. ए. आणि पुढे बी. एड. झालेल्या मुलामुलींना आता परदेशातली शिक्षकाची नोकरी खुणावू लागली आहे. कारण उघड आहे. ‘पवित्र’ पोर्टलवरची भरती निघेल तेव्हा निघेल, त्याआधी टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा आणि टेट ही अभियोग्यता चाचणी पार करायची, आणि तोवर एखाद्या विनाअनुदानित शाळेत तुटपुंज्या मानधनावर दिवस काढायचे. अशा वेळी इंग्रजी शिकवण्याचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र घेतलं की कोरिया, जपान, व्हिएतनाम, आखात सगळीकडे दारं उघडतात असं कुणी सांगितलं, तर उमराण्याच्या मार्केटला कांदा घालून आलेल्या पैशातून फी भरली जाते. प्रमाणपत्र हाती येतं, अर्ज जातात, आणि अनेक ठिकाणांहून एकच उत्तर येतं: आम्हाला जन्मापासून इंग्रजी बोलणारा शिक्षक हवा. हा प्रश्न नोकरीचा म्हणून सोडून देता येईल. पण त्याच्या मुळाशी दुसरा एक प्रश्न आहे आणि तो धर्मविचाराचा आहे. शिकवण्याचा अधिकार माणसाला कशाने येतो? जन्माने, कागदाने, की आणखी कशाने? ‘अधिकार’ हा शब्द ज्या समाजाने शतकानुशतकं जन्माशी बांधून ठेवला आणि ज्या समाजातल्या संतांनी आणि सुधारकांनी ती गाठ सोडवण्यासाठी आयुष्य वेचलं, त्या समाजाला या प्रश्नावर बोलण्यासारखं पुष्कळ आहे.

आधी नियम काय आहे ते पाहू. दक्षिण कोरियात परदेशी भाषाशिक्षकाला जो ई-२ व्हिसा मिळतो, तो इंग्रजीपुरता अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांना मिळतो. भारतीयांसाठी २०१० पासून लागू झालेल्या भारत-कोरिया करारात एक चिंचोळी वाट आहे, तीही शाळेतल्या सहायक शिक्षकाची. सात देशांच्या यादीतलं शेवटचं नाव नीट पाहावं. दक्षिण आफ्रिकेत घरी इंग्रजी बोलणारे लोक साधारण दहातले एक आहेत. तिथली सर्वांत मोठी घरभाषा झुलू आहे. म्हणून तिथल्या उमेदवाराकडून इंग्रजी माध्यमातून शिकल्याचा पुरावा मागतात. म्हणजे शाळेत शिकून आलेलं इंग्रजी त्याच्या बाबतीत चालतं, आणि देवळ्याच्या मुलीच्या बाबतीत चालत नाही. ती मुलगी बालवाडीपासून इंग्रजी माध्यमात शिकलेली असली तरी नाही. नियम भाषेचा असता तर दोघांना एकच मोजमाप लागलं असतं. इथे मोजला जातो तो पासपोर्ट, आणि पासपोर्ट बहुतेकांना जन्मानेच मिळतो.

या नियमामागची समजूतही फार जुनी नाही. १९६१ साली युगांडातल्या माकेरेरे इथे राष्ट्रकुल देशांची इंग्रजी अध्यापनावर एक परिषद भरली. जन्मभाषा इंग्रजी असलेला शिक्षकच आदर्श शिक्षक, हा विचार तिथे जणू सिद्धांत म्हणून पक्का झाला. रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ साली ‘लिंग्विस्टिक इम्पीरियलिझम’ या ग्रंथात त्याची चिरफाड केली आणि त्याला उघडउघड भ्रम म्हटलं. त्याआधी १९८५ मध्ये, मूळचे केरळचे आणि कॅनडात कोशकार म्हणून नाव मिळवलेले थॉमस पैकडे यांनी ‘जन्मभाषक’ ही कल्पनाच मृत झाल्याचं सांगणारं पुस्तक लिहिलं होतं. विद्वानांच्या जगात वाद बराचसा मिटला. नोकरीच्या जाहिरातींत तो मिटलेला नाही.

आपल्याकडे हा वाद पैठणला एकदा झालेला आहे. संन्याशाची मुलं म्हणून ज्ञानेश्वर आणि त्यांच्या भावंडांना पैठणच्या ब्रह्मवृंदाकडून शुद्धिपत्र आणायला सांगितलं गेलं, असं परंपरा सांगते. त्या कागदात त्यांच्या ज्ञानाची परीक्षा नव्हती. प्रश्न होता तो जन्माचा. पुढे शके १२१२ मध्ये नेवाशात ‘ज्ञानेश्वरी’ झाली, आणि सात शतकं लोटली तरी ती हातात घेणाऱ्या कुठल्याही वारकऱ्याला पैठणच्या त्या कागदाची आठवण काढावीशी वाटलेली नाही. छांदोग्य उपनिषदातल्या सत्यकाम जाबालाला गुरूने गोत्र विचारलं. ते माहीत नाही असं त्याने प्रामाणिकपणे सांगितलं आणि त्या सत्यामुळेच गुरूने त्याला पदरात घेतलं. ही कथा शिष्याच्या अधिकाराची आहे. शिक्षकाच्या अधिकाराबद्दलचा सर्वांत नेमका विचार मला कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ नाटकाच्या पहिल्या अंकात सापडतो. गणदास आणि हरदत्त या दोन नाट्याचार्यांत श्रेष्ठ कोण असा वाद उभा राहतो. तेव्हा परिव्राजिका सांगते की कुणाची कला त्याच्या स्वतःच्या ठायी शोभते, कुणाला ती दुसऱ्यात उतरवण्याची हातोटी असते, आणि ज्याच्यापाशी दोन्ही आहेत त्यालाच शिक्षकांत पहिला मान द्यावा. मग निवाडा कशाने करायचा? दोघांच्या शिष्यांचा प्रयोग पाहून. आचार्यांच्या कुळाची चौकशी कोणी करत नाही, आणि आचार्यांना स्वतः नाचूनही दाखवायला सांगत नाही. नृत्य शिकवता येतं की नाही हे शिष्येच्या पावलांत दिसतं. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि पुढचं सगळं त्याच्या आधाराने आहे: शिकवण्याचा अधिकार शिकणाऱ्यात सिद्ध होतो.

मराठी माणसाने परदेशात जाऊन शिकवण्याचं एक थोर उदाहरण पंडिता रमाबाईंचं आहे, आणि त्यांच्या घराण्यात अधिकाराचा प्रश्न दोन पिढ्या पाठ सोडत नव्हता. पत्नीला संस्कृत शिकवलं म्हणून वडील अनंतशास्त्री डोंगरे यांना उडुपीला विद्वानांच्या सभेपुढे शास्त्राधार मांडावे लागले. रमाबाईंची परीक्षा १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी घेतली आणि त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. स्त्रीला जी विद्या शिकण्याचाच अधिकार नाही असं सांगितलं जात होतं, त्याच विद्येतलं हे प्रमाणपत्र होतं. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेजच्या मठात भारतात जाणार असलेल्या भगिनींना मराठी शिकवणं हा तिथल्या मुक्कामाच्या व्यवस्थेचा भाग होता. पुढे चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात डोरोथिया बील यांच्या हाताखाली त्या शिकल्या. तिथे रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावं असा विचार निघाला, तेव्हा मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंनी उलट कळवलं की असा आक्षेप आपल्या वडिलांनी किंवा नवऱ्याने कधी घेतला नव्हता. विद्येबद्दल कोणाची शंका नव्हती. आड आलं ते बाईपण. आणि इंग्रजीचं म्हणाल तर, पुण्याला १८८२ च्या सुमारास ही भाषा शिकू लागलेल्या याच बाईंनी १८८७ मध्ये ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक इंग्रजीत लिहिलं आणि अमेरिकेत ते गाजलं. जन्मभाषेचा निकष लावला असता तर त्यांना तिथे प्राथमिक शाळेतही उभं केलं नसतं.

शिकून आलेल्या भाषेचा शिक्षक वर्गात नेमकं काय देतो, हे एका वाक्यावरून दाखवता येईल. ‘मी शाळेत जातो’ हे वाक्य घ्या. मराठीत आधी कर्ता, मग शाळा, शाळेला चिकटलेला ‘त’, आणि क्रियापद शेवटी. कोरियन भाषेत हेच वाक्य ‘नानन् हाक्क्यो-ए गायो’ असं होतं. क्रम तोच, ‘हाक्क्यो’ म्हणजे शाळा, तिला चिकटलेला ‘ए’ आपल्या ‘त’चं काम करतो, आणि जाण्याचं क्रियापद शेवटी येतं. जपानीतही रचना अशीच आहे. इंग्रजीत क्रियापद कर्त्याच्या मागोमाग येऊन बसतं आणि ‘त’च्या जागी ‘टू’ हा शब्द शाळेच्या आधी येतो. ‘अ’ आणि ‘द’ ही उपपदं मराठीत नाहीत, कोरियनमध्ये नाहीत, जपानीतही नाहीत. सोलच्या वर्गातलं मूल जिथे अडखळतं तिथेच देवळ्याचा शिक्षक पाचवीत अडखळला होता, आणि त्यातून कसा बाहेर पडला तेही त्याच्या लक्षात आहे. लंडनमध्ये वाढलेल्या माणसाला ‘द’ कधी लावायचा हे अचूक कळतं, पण का ते सांगताना त्याला बहुधा व्याकरणाचं पुस्तक उघडावं लागतं, कारण तो त्या वाटेने कधी आलेलाच नाही. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला महाराष्ट्रात पिढ्यान् पिढ्या चालल्या त्या याच बळावर. मराठी मुलाचा पाय कुठे घसरतो हे ते जाणून होते.

यावर उच्चारांचा आक्षेप येतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मराठीत ‘व’ एकच आहे. इंग्रजीतले दोन निरनिराळे ध्वनी आपण त्या एकाच अक्षराने उच्चारतो, आणि स्वरांची लांबी-आखूडपणाही इंग्रजीत वेगळ्या तऱ्हेने चालतो. शिक्षकाने हे सुधारलंच पाहिजे. ‘आमचं इंग्रजी असंच’ असं म्हणून त्याने सुटका करून घेऊ नये. पण सुधारायचं ते समजण्यापुरतं. आज जगात इंग्रजीत होणारी बरीचशी संभाषणं अशा माणसांमध्ये होतात की त्यांतल्या कोणाचीच ती जन्मभाषा नसते. कोरियन अभियंत्याला उद्या ब्राझीलच्या किंवा इंडोनेशियाच्या माणसाशी बोलायचं आहे. त्याला स्पष्ट, ठाम आणि अनेकांना कळेल असं इंग्रजी हवं. आणि लंडनच्या दोन वस्त्यांतले उच्चार जर एकमेकांशी जुळत नसतील, तर जन्मसिद्ध उच्चार म्हणून नेमका कोणता धरायचा?

दुसरा आक्षेप बाजाराचा आहे. पालक गोऱ्या चेहऱ्याचे पैसे देतात, मग शाळाचालकाने का देऊ नये? ग्राहकाची आवड हा युक्तिवाद आपण ऐकला आहे. अमक्या जातीचा मास्तर आमच्या मुलांना नको, असं म्हणणारे गावही आवडीचंच कारण देत होते. एखाद्याची आवड कायद्याने बदलता येत नाही हे खरं, पण आवडीला पात्रतेचं नाव देणं हा अन्याय आहे आणि त्याला अन्यायच म्हटलं पाहिजे.

तिसरा आक्षेप मात्र माझ्या म्हणण्याच्या थेट विरुद्ध जातो. जन्म नको आणि कागदही नको असं म्हटलं, तर उद्या कोणीही शिक्षक होईल. तेव्हा कागद हवाच. मला तो मान्य आहे, पण कोणता कागद? महाराष्ट्राने याचा अनुभव घेतला आहे. २०१९ च्या टीईटीतला गैरव्यवहार उघड झाला आणि २०२२ मध्ये राज्य परीक्षा परिषदेने ७,८०० हून अधिक उमेदवारांना अपात्र ठरवलं. परीक्षा सरकारी, कागद सरकारी, आणि तरी त्यामागे ज्ञानाची हमी उरली नव्हती. परदेशी नोकरीच्या नावाने विकली जाणारी ‘१२० तासांची’ अनेक ऑनलाइन प्रमाणपत्रं त्याहून पोकळ आहेत, कारण त्या १२० तासांत एकही विद्यार्थी समोर येत नाही. उलट केंब्रिजच्या ‘सेल्टा’सारख्या अभ्यासक्रमात उमेदवाराला खऱ्या वर्गासमोर सहा तास शिकवावं लागतं, मागे परीक्षक बसलेला असतो, आणि प्रत्येक पाठानंतर कुठे चुकलं ते तोंडावर सांगितलं जातं. कालिदासाच्या परिव्राजिकेने मागितली तशीच ही परीक्षा आहे. कागदाची किंमत त्याच्यामागे शिकणारा माणूस होता की नव्हता यावर ठरते.

आता हा न्याय घरीही लावायला हवा, नाहीतर आपली तक्रार खोटी ठरेल. कसमादे पट्ट्यातल्या कितीतरी घरांत अहिराणी बोलली जाते, डोंगराकडच्या पाड्यांवर कोकणी आणि भिल्ली. तिथून आलेल्या मुलाची मराठी अशुद्ध म्हणून वर्गात हसण्याचा विषय होते, आणि खेड्यातल्या मास्तरला इंग्रजी काय येणार असं शहरातला पालक सहज बोलून जातो. सोलच्या शाळेने जे केलं तेच आपण इथे करत आहोत. २००० सालापासून महाराष्ट्रात मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. ते शिकवणारा बहुतेक शिक्षक ही भाषा घरी न ऐकताच मोठा झाला आहे. त्याला जन्माच्या निकषाने कमी लेखायचं आणि आपल्या मुलाला मात्र परदेशात गुणावर जोखावं अशी अपेक्षा धरायची, हे दुटप्पी आहे. आणि म्हणूनच, इथे शिक्षकांची गरज असताना ही मुलं बाहेर का जातात असं विचारणाऱ्यांना मी सांगेन की जाणाऱ्याला दोष देऊ नका. ज्या समाजात त्याच्या शिकवण्याची किंमत मानधनाच्या आकड्याने ठरते, तिथून तो निघाला तर स्वधर्म सोडला असं होत नाही. शिकवणं हाच त्याचा स्वधर्म, आणि तो कोणत्याही गावी पाळता येतो.

जाऊ इच्छिणाऱ्यांना एक विनंती. फी भरण्याआधी संस्थेला एकच प्रश्न विचारा: या अभ्यासक्रमात मी किती तास खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवणार आणि ते कोण पाहणार? उत्तर गुळमुळीत आलं तर पैसे देऊ नका. ज्या देशाचा व्हिसा भारतीय पासपोर्टला मिळतच नाही, तिथल्या नोकरीचं आमिष दाखवणाऱ्या एजंटाकडे फिरकू नका. एजंट परदेशी नोकरभरतीसाठी नोंदणीकृत आहे की नाही, हे सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर पाहता येतं. आखातातल्या भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा बी. एड. झालेल्या भारतीय इंग्रजी शिक्षकांना रीतसर घेतात. त्यासाठी पदवीवर आधी राज्याचा, मग परराष्ट्र मंत्रालयाचा आणि काही देशांसाठी त्यांच्या वकिलातीचाही शिक्का लागतो, आणि त्याला वेळ लागतो, म्हणून ते काम आधी सुरू करा. आणि जाईपर्यंत गावातल्या कोणत्याही चार मुलांना रोज तासभर इंग्रजी शिकवत राहा.