जहन्नम : भीती की फिर्याद?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. उर्दू शाळेत मी सहावीच्या वर्गाला व्यसनमुक्तीचा तास घेत होते. दारूमुळे शरीराचे काय होते, पैसा कसा जातो, संसार कसे मोडतात, हे सारे सांगून झाले. पण मुलांची चुळबूळ थांबेना. मग मी सोपा मार्ग धरला. दारू पिणारा दोजखच्या आगीत कसा जळेल, तहान लागली तर त्याला काय प्यायला मिळेल, याचे वर्णन सुरू केले. वर्ग चिडीचूप झाला. तास चांगला झाला असे मला वाटले.

शाळा सुटल्यावर एक मुलगी टेबलाजवळ येऊन उभी राहिली. तिचे वडील चार महिन्यांपूर्वी वारले होते. ते पीत असत हे साऱ्या मोहल्ल्याला ठाऊक होते. मलाही ठाऊक होते, पण बोलण्याच्या भरात मी ते विसरले. ती हळूच म्हणाली, "टीचर, फिर मेरे अब्बा?"

मला उत्तर देता आले नाही. "दुआ कर, बेटा," एवढे म्हणून मी तिला घरी पाठवले. त्या रात्री प्रथमच मनात आले की, ज्या जहन्नमचा धाक मी इतक्या सहजपणे मुलांना घातला, त्याविषयी मला काय माहीत आहे? माणसाच्या मनात ही कल्पना आली कोठून? आणि ती कशासाठी आली?

शब्दापासून सुरुवात करू. 'दोजख' हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला. त्याचे मूळ झरतुष्ट्राच्या अनुयायांच्या अवेस्ता भाषेत आहे आणि त्याचा अर्थ 'वाईट अस्तित्व' असा आहे. 'जहन्नम'ची कथा अधिक बोलकी आहे. हिब्रू भाषेतील 'गे-हिन्नोम' म्हणजे हिन्नोमची दरी. जेरुसलेमच्या जुन्या शहराच्या दक्षिण-पश्चिमेला ही दरी आजही आहे. यहुदी धर्मग्रंथ सांगतात की, तेथे लोक आपली मुले आगीत अर्पण करीत. यर्मया नबींनी या कृत्याचा कडक धिक्कार केला आणि इ.स.पूर्व सातव्या शतकात योशिया राजाने ते स्थान भ्रष्ट करून ही प्रथा मोडून काढली. पुढे तेथे शहराचा कचरा जळत असे, म्हणून ती नरकाची खूण ठरली, असे पुष्कळ पुस्तकांत लिहिलेले आढळते. परंतु ही हकिकत मध्ययुगातली आहे. तिला उत्खननातून आधार मिळालेला नाही. खरी गोष्ट त्याहून भयंकर आहे. जेथे असहाय मुले जाळली गेली, त्या जागेचे नाव पुढे जुलूम करणाऱ्यांच्या शिक्षेला मिळाले.

मृत्यूनंतर शिक्षा असते, हा विचार मात्र सुरुवातीपासून नव्हता. मेसोपोटेमियातील गिलगामेशच्या महाकाव्यात एन्किडूला स्वप्नात मृतांचे घर दिसते. तेथे अंधार आहे, धूळ आहे. मेलेले माती खातात. राजेही तेथेच आहेत आणि पुजारीही. यहुद्यांच्या प्राचीन 'शिओल'मध्येही चांगले-वाईट सारे एकत्रच जात. त्या जगात शिक्षा नव्हती, तसा न्यायही नव्हता. जुलूम करणारा आणि जुलूम सोसणारा शेवटी एकाच धुळीत.

माणसाला हे फार काळ पटले नाही. इजिप्तमध्ये मृताचे काळीज तराजूत घालून सत्याच्या पिसाशी तोलले जाते, अशी कल्पना आली. इराणात झरतुष्ट्राच्या अनुयायांनी चिन्वत पुलाची कल्पना केली. सज्जनाला तो रुंद होतो, दुर्जनाला अरुंद. आपल्या देशातही नरकाची वर्णने झाली. यहुद्यांमध्ये इ.स.पूर्व १६५च्या सुमारास अंतिओकस राजाने धर्मनिष्ठांचा छळ मांडला, त्या काळात दानिएलच्या ग्रंथात हा विचार स्पष्टपणे पुढे आला की, मेलेले पुन्हा उठतील. काही चिरंतन जीवनासाठी, काही अप्रतिष्ठेसाठी. कारण उघड आहे. जे धर्माला चिकटून राहिले ते मारले गेले आणि मारणारे सिंहासनावर होते. या दुनियेत हिशेब पुरा होत नव्हता. तो कोठेतरी पुरा होणे भाग होते.

यावर कोणी म्हणेल, नरक हा राज्यकर्त्यांनी आणि पुरोहितांनी उभा केलेला बागुलबुवा आहे. हे म्हणणे नवे नाही. इ.स.पूर्व दुसऱ्या शतकातील ग्रीक इतिहासकार पॉलिबियस याने लिहून ठेवले आहे की, सामान्य लोकांना काबूत ठेवण्यासाठी पूर्वजांनी परलोकाची भीती त्यांच्यात रुजवली, आणि ते शहाणपणाचे होते. त्याचे म्हणणे सर्वस्वी खोटे नाही. असा वापर झाला आहे, आजही होतो. मी स्वतः सहावीच्या वर्गात तोच केला. पण एखाद्या गोष्टीचा वापर आणि तिचे मूळ या दोन गोष्टी निराळ्या आहेत. काठी आंधळ्याचा आधार असते. तीच कोणी दुसऱ्याच्या पाठीत घातली, म्हणून ती मारण्यासाठीच जन्मली असे होत नाही.

मक्केच्या काळातील कुरआनच्या सूरा या दृष्टीने पुन्हा वाचाव्यात. त्या काळी अरबस्तानात पोलीस नव्हते, कोर्ट नव्हते. ज्याच्या पाठीशी कबिला, त्यालाच संरक्षण. यतीम, गुलाम, जिवंत पुरली गेलेली मुलगी यांची बाजू कोण घेणार? सूरह तकवीरमध्ये त्या मुलीलाच विचारले जाईल की तिला कोणत्या गुन्ह्यासाठी मारले. सूरह हुमजामध्ये माल जमवून तो मोजत बसणाऱ्यासाठी हुतमा आहे. सूरह मुद्दस्सिरमध्ये सकरमधील लोक आपल्या तिथे येण्याची कारणे सांगतात. नमाज न पढणे आणि गरिबाला जेवू न घालणे ही दोन्ही तेथे शेजारी-शेजारी आहेत. ज्यांना दुनियेत कोठलेच दार उघडे नव्हते, त्यांच्यासाठी हे न्यायालय उघडले गेले. ज्याला आपण धाक म्हणतो, तो यतीमाच्या कानाला आश्वासनासारखा ऐकू आला असेल.

शब्द जुने निघाले म्हणून श्रद्धा खोटी ठरते, असे मला वाटत नाही. अल्लाहने माणसांशी माणसांच्याच भाषेत बोलणे केले, तर त्या भाषेतले शब्द वाडवडिलांचेच असणार.

शिक्षा कायमची की काही काळाची, याचाही आपल्याकडे विचार झालेला आहे. यहुदी परंपरेत जहन्नमची मुदत सर्वसाधारणपणे बारा महिने मानली गेली. ज्याच्या मनात राईएवढा इमान असेल त्यालाही आगीतून बाहेर काढले जाईल, अशी हदीस आहे. इब्न कय्यिम (मृत्यू १३५०) यांच्यासारख्या आलिमांनी तर आग स्वतःच एके दिवशी विझेल काय, या प्रश्नाचा ऊहापोह केला. बहुसंख्य उलेमांना ते मान्य झाले नाही, पण प्रश्न विचारायला ते भ्याले नाहीत. विसाव्या शतकात इक्बाल यांनी आपल्या इंग्रजी व्याख्यानांत जहन्नम ही जागा नसून माणसाची एक अवस्था आहे आणि तिचा हेतू सूड नव्हे, सुधारणा आहे, असे मांडले. बसऱ्याच्या राबिया एका हातात आग आणि दुसऱ्या हातात पाणी घेऊन निघाल्याची कथा सर्वश्रुत आहे. जन्नत जाळावी, जहन्नम विझवावी, म्हणजे लोक लालूच आणि भीती सोडून अल्लाहसाठीच अल्लाहची इबादत करतील, असे त्यांना वाटे.

आणि एक हदीस आपण फार कमी सांगतो. अमक्याला अल्लाह माफ करणार नाही, असे एकाने शपथेवर सांगितले. अल्लाहने त्या अमक्याला माफ केले आणि शपथ घेणाऱ्याची सारी पुण्याई वाया गेली. जहन्नमच्या दरवाजाची किल्ली आपल्या खिशात आहे असे समजणाऱ्या प्रत्येकाने, माझ्यासारख्या शिक्षिकेनेही, हे ध्यानात ठेवावे.

आठ-दहा दिवसांनी त्या मुलीची आई शाळेत आली. मी माफी मागायचे ठरवूनच होते. ती लोकांच्या घरी भांडी घासणारी बाई. नवऱ्याचा मार तिनेच खाल्ला होता, मजुरीचे पैसे तिच्याच हातातून हिसकावले गेले होते. माझे ऐकून घेऊन ती म्हणाली, "टीचर, मार मैंने खाया. मैंने माफ किया. अब बाकी लोग कौन बोलनेवाले?"

माझ्या साऱ्या वाचनाचे सार त्या निरक्षर बाईच्या बोलण्यात होते. आपल्या धर्मात हुकूकुल्लाह आणि हुकूकुल इबाद असे दोन हक्क सांगितले आहेत. माणसाचा हक्क माणसानेच माफ करायचा असतो. जहन्नम जर जुलूम सोसणाऱ्याच्या फिर्यादीतून समजून घ्यायची असेल, तर फिर्याद मागे घेण्याचा अधिकारही त्याचाच. बघ्यांनी निकाल देऊ नये.

तिचा नवरा आज कोठे आहे, हे मला माहीत नाही. ते अल्लाह जाणतो. पण त्या दिवसापासून मी वर्गात दोजखचे वर्णन करीत नाही. दारूचा तास येतो तेव्हा मुलांना एवढेच विचारते की, घरात एकाने दारू प्यायली तर उपाशी कोण राहते? वर्ग तेव्हाही शांत होतो. मात्र ती शांतता वेगळी असते.