उबेचे देणे

डिसेंबर लागला की नाशिक-निफाडपासून धुळे-जळगावपर्यंत पारा उतरू लागतो आणि आमच्या मुहल्ल्यांत दोन कामे सुरू होतात. एक गाजावाजाचे : ब्लँकेटवाटपाचे. दुसरे मुके : जोहरची नमाज उरकून उन्हात बसलेल्या बायाबापड्यांच्या विणकामाचे. ज्या हातांनी वर्षभर जाळीच्या टोप्या, तोरणे, रुमाल विणले तेच हात क्रोशाच्या सुईवर लोकरीचे चौकोन विणतात, ते एकमेकांना जोडतात आणि महिना-दीड महिन्यात एक पांघरूण तयार होते. कधी ते घरातल्या तान्ह्या बाळाला मिळते, कधी गल्लीतल्या एखाद्या एकट्या म्हातारीला. दोन्ही कामे उबेचीच. पण यांतले देणे खरे कोणते, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही.

नुसता हिशेब मांडला तर उत्तर विणणाऱ्या बाईच्या विरुद्ध जाते. एका पांघरुणाला जेवढी लोकर लागते तेवढ्या पैशांत बाजारातून दोन-तीन ब्लँकेटे सहज येतात, आणि तीही आजच्या आज. पानिपतच्या कारखान्यांत जुन्या लोकरी कपड्यांच्या चिंध्या पिंजून त्यांचे पुन्हा सूत काततात. त्या सुताची स्वस्त ब्लँकेटे मदतकार्यासाठी दूरदूर जातात. ६ फेब्रुवारी २०२३ च्या पहाटे तुर्कस्तान आणि सीरियात भूकंप झाला, तेव्हा ऐन थंडीत लाखो माणसे उघड्यावर आली. अशा वेळी कुणी सुई हातात घेऊन टाके मोजत बसला तर त्याला आम्ही दयाळू म्हणणार नाही. कुडकुडणाऱ्याला आपल्या हातच्या कारागिरीशी कर्तव्य नसते. म्हणून पहिली गोष्ट मान्य केली पाहिजे : हाताने केलेले तेवढेच पवित्र आणि विकत घेतलेले हलके, असे म्हणणे हा देणाऱ्याचा अहंकार आहे.

पण हिशेब इथे संपत नाही. हिरा गुहेत पहिली वही उतरली आणि पैगंबर हजरत मुहम्मद (स.) थरथरत घरी परतले, तेव्हा त्यांनी आपल्याला पांघरूण घालण्यास सांगितले. त्यांना पांघरूण घातले गेले. भीती ओसरली, मग त्यांनी हजरत खदीजा (र.) यांना घडलेले सांगितले आणि त्यांनी धीर दिला. हा क्रम आम्हांला फार महत्त्वाचा वाटतो. ऊब आधी, विचारपूस नंतर. कुरआन शरीफातील ७३ आणि ७४ या दोन सूरहांची नावेच पांघरूण लपेटून घेतलेल्या माणसाला उद्देशून आहेत. आणि आमच्या वाटपात काय होते? आधी रेशनकार्ड, मग रांग, मग पाहुण्यांची भाषणे, मग एका ब्लँकेटला सहा जणांचे हात आणि फोटो. घेणाऱ्याची मान खाली, देणाऱ्यांची कॅमेऱ्याकडे. उजव्या हाताने दिलेले डाव्याला कळू नये, ही हदीस आम्ही जुम्याला ऐकतो आणि शनिवारी वर्तमानपत्राला फोटो पाठवतो.

दुसरा प्रश्न आम्ही काय देतो याचा. ज्या वस्तू आपल्याला कुणी दिल्या तर आपण डोळे मिटूनच घेऊ, अशा वस्तू खर्चासाठी निवडू नका, असा कुरआनातील सूरह बकरहच्या २६७ व्या आयतीचा आशय आहे. वाटपासाठी ब्लँकेट निवडताना ‘आपल्या घरी हे आपण पांघरू का?’ एवढे विचारले तरी पुरे. विणणाऱ्या बाईला हा प्रश्न विचारावा लागत नाही. म्हातारी उंचीने किती, तिचे पाय उघडे राहतील का, तिला लोकर टोचेल का, हे तिने पहिल्या टाक्याआधीच पाहिलेले असते. तिच्या पांघरुणाची खरी किंमत लोकरीत किंवा नक्षीत नाही, या पाहण्यात आहे. आणि हे पाहणे विकत घेणाऱ्यालाही जमण्यासारखे आहे. त्याला सुई लागत नाही.

पाहायचेच तर मागेही पाहावे. विकतची रजई, विकतची चादर हीसुद्धा कुणाच्या तरी हातची असते. कापूस पिंजणारे पिंजारी-नदाफ, मागावर बसणारे मोमीन-जुलाहे हे आमचेच लोक. खांद्यावर धनुकली घेऊन दारोदार फिरणाऱ्या पिंजाऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या कापसाची धूळ छातीत घेतली आणि लोकांच्या रजया भरल्या. फोमच्या गाद्या आल्या आणि त्याचे काम गेले. सूफी हा शब्द ‘सूफ’ म्हणजे लोकर यावरून आला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्या शब्दाचा अभिमान बाळगायचा आणि सोयरीक जुळवताना मात्र ‘पिंजारी’, ‘जुलाहा’ म्हणून नाक मुरडायचे, ही कोणती बरोबरी? मजुराला त्याचा घाम वाळण्याआधी मजुरी द्यावी, अशी हदीस आहे. ब्लँकेट स्वस्त मिळाले याचा आनंद मानताना ते कुणाच्या मजुरीतून स्वस्त झाले, हा प्रश्नही सदक्याचाच भाग आहे. करणाऱ्याचा हक मारून घेणाऱ्याला दिलेली ऊब ही उसनी ऊब होय.

राहता राहिला हाताने विणलेल्या देण्याचा धोका. तो लहान नाही. महिनाभर जीव ओतून विणलेले पांघरूण म्हातारीने सुनेला दिले, किंवा औषधासाठी विकून टाकले, तर विणणारीच्या काळजात चर्र होते. ‘एवढे केले आणि तिला किंमत नाही’ हे वाक्य ओठांवर येते. विकतचे देणाऱ्याचा एवढा जीव त्यात गुंतलेला नसतो, म्हणून कधी कधी तोच अधिक मोकळेपणाने देऊ शकतो. उपकार बोलून दाखवून आणि दुखावून आपले सदके वाया घालवू नका, अशी ताकीद त्याच सूरहच्या २६४ व्या आयतीत आहे. सूरह नहलच्या ९२ व्या आयतीत तर मजबूत कातलेले सूत स्वतःच उसवून टाकणाऱ्या बाईचा दाखला येतो. तिथला संदर्भ करार मोडण्याचा आहे. पण देणे हाही एक करारच नव्हे काय? वस्तू दिली, तिच्यावरचा आपला हक सोडला. मग ती पांघरावी, वाटावी की विकावी, हे घेणाऱ्याने ठरवायचे.

क्रोशाचे काम जाणणाऱ्यांना ठाऊक आहे की शेवटचा फासा मोकळा राहिला आणि धागा ओढला, तर सगळे विणकाम सरसर उसवत जाते. म्हणून शेवटी धागा कापावा लागतो, फाशातून ओढून घट्ट करावा लागतो आणि उरलेले टोक विणीत लपवावे लागते. धागा गुंडीलाच जोडलेला राहिला तर पांघरूण म्हातारीच्या अंगावर आणि दोरी आपल्या हातात, अशी गत होते. देणे हाताने विणलेले असो की दुकानातले, हा शेवटचा धागा ज्याला कापता आला त्याचेच देणे पोहोचले, असे आम्ही समजतो.