रात्री कुणाला उठवायचे?

मुरूड, श्रीवर्धन, म्हसळ्याकडून अलिबागच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात पाठवलेला रुग्ण बहुधा एक रात्र जागूनच आलेला असतो. आधी गावचे आरोग्य केंद्र, मग तालुक्याचे रुग्णालय, मग खाड्यांना वळसे घालत जाणारी रुग्णवाहिका. अखेर खाट मिळते, पण कोणत्याही मोठ्या वॉर्डात खाट मिळाली म्हणजे झोप मिळाली असे होत नाही. दहाला इंजेक्शन, बाराला बीपी, मध्येच सलाइन, पहाटे टेम्परेचर आणि उजाडण्यापूर्वी रक्ताचा नमुना. आजाऱ्याला झोप लागत नाही, अशी आपण समजूत करून घेतो. पुष्कळदा लागलेली झोप आपणच मोडलेली असते.

झोप मोडली की वेदना अधिक जाणवते, साखर आवरत नाही, आणि वृद्ध माणूस तिसऱ्या रात्री भ्रमिष्टासारखे बोलू लागतो. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ च्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’मध्ये बजावले होते की पहिल्या झोपेतून उठवलेल्या रुग्णाला पुन्हा झोप लागणे अवघड असते. आपला २००० सालचा ध्वनिप्रदूषण नियम रुग्णालयाभोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात रात्री ४० डेसिबलची मर्यादा घालतो. रस्त्यावरच्या भोंग्याला नियम आहे. वॉर्डातल्या ट्रॉलीच्या खडखडाटाचा आणि रात्रभर जळणाऱ्या ट्यूबलाइटचा विचार मात्र कुणी करत नाही.

तरीही ‘रुग्णांना झोपू द्या’ असे सरसकट म्हणायला मी तयार नाही, आणि त्याचे कारण याच जिल्ह्यात आहे. मण्यार रात्री, झोपलेल्या माणसाला चावते. दंश दिसतही नाही आणि काही तासांनी पापण्या जड होतात. त्या पापण्यांना झोप समजणे म्हणजे श्वास बंद पडेपर्यंत थांबणे. फुरसे चावलेल्याचे रक्त गोठते की नाही, हे पुन्हा पुन्हा पाहावे लागते. नुकत्याच बाळंत झालेल्या बाईचा रक्तस्राव पहिल्या दोन तासांत सतत तपासावाच लागतो, आणि अंथरुणाला खिळलेल्याची कूस बदलली नाही तर पाठीला जखमा होतात.

डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा विंचूदंशाने माणसे दगावत होती. ते रुग्णाच्या उशाशी बसून राहिले. घाम, गार पडलेले हातपाय, नाडी, फुप्फुसात साचणारे पाणी, सारे तासातासाने टिपत गेले. त्यातूनच पुढे प्राझोसिनचा उपचार उभा राहिला. हातपाय गरम होईपर्यंत दर तीन तासांनी गोळी द्यायची, म्हणजे प्रत्येक वेळी पाय हाताने चाचपून बघायचे. तीस-चाळीस टक्क्यांच्या घरातले मृत्यू एक टक्क्याच्या आसपास आले. त्या जागरणातला प्रत्येक स्पर्श काहीतरी विचारत होता. याला मी पहारा म्हणेन.

चार दिवसांपूर्वी हर्नियाचे ऑपरेशन झालेल्या, उद्या घरी जाणाऱ्या माणसाला मध्यरात्री दिवा लावून दंडाला पट्टा बांधणे हा पहारा नव्हे. ब्रिटनमध्ये २०१२ पासून श्वास, नाडी, रक्तदाब, तापमान वगैरेंना गुण देऊन धोका मोजतात. बेरीज शून्य असेल तर किमान बारा तासांनी तपासणी पुरेशी मानली जाते. म्हणजे रात्री दहाला पाहिलेल्या अशा रुग्णाला सकाळी सहापर्यंत हात न लावणे बेजबाबदारपणाचे नाही.

मग सिस्टर उठवतात का? कारण तक्त्यातला रिकामा रकाना त्यांच्या अंगावर येतो. सकाळी ओव्हर देताना रिकाम्या रकान्याबद्दल विचारणा होते, काही बरेवाईट झाले तर चौकशीतही तोच कागद पुढे येतो. मोडलेल्या झोपेला तक्त्यात रकानाच नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार सामान्य रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका हवी. रात्री एकटीवर अख्खा वॉर्ड असताना कुणाला झोपू द्यायचे, हे तिने स्वतःच्या जोखमीवर ठरवावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. वेळ थोडा म्हणून ती सगळ्यांना सारखीच उठवते, आणि ज्याच्या पापण्या खरोखर जड होत आहेत त्याच्यापाशी थांबायला तिला सवड उरत नाही. झोपेची बाजू आणि सुरक्षिततेची बाजू इथे एकच होते.

बदल डॉक्टरांच्या कागदापासून व्हायला हवा. आठ तासांनी द्यायचे अँटिबायोटिक सहा, दोन, दहा या वेळांना बसवले तर मध्यरात्र मोकळी राहते. लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळऐवजी दुपारी दिली तर म्हातारा माणूस रात्री चार वेळा अंधारात उठत नाही, पडत नाही. तातडी नसलेले रक्त चढवणे दिवसा करता येते. पहाटेचा नमुना बहुतेक वेळा राउंडच्या आधी रिपोर्ट हवा म्हणून घेतला जातो. प्रत्येकाच्या बाबतीत ती घाई खरी असतेच असे नाही.

आणि संध्याकाळच्या राउंडला वैद्यकीय अधिकाऱ्याने केसपेपरवर एक ओळ लिहून सही करावी: रात्री दहा ते सहा उठवू नये, धाप, घाम, वाढती वेदना किंवा असंबद्ध बोलणे दिसल्यास ताबडतोब कळवावे. या ओळीला नवे यंत्र लागत नाही, नवे पदही लागत नाही. ती लिहिलेली असेल तर रात्रपाळीच्या सिस्टर टॉर्च घेऊन खाटेपाशी येतील, श्वास पाहतील, रकान्यात ‘झोपलेला’ असे लिहितील, आणि त्याबद्दल त्यांना सकाळी कुणी जाब विचारणार नाही.