राखीव ताकद कोणाची?

गेज लावल्यावर पहिल्या सिलिंडरने १७५ दाखवले, दुसऱ्याने १७०. तिसऱ्यापाशी काटा १३५ वरच थांबला. चौथा पुन्हा १७२. मिस्त्रींनी स्पार्क प्लगच्या भोकातून तिसऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडलं आणि मला परत स्टार्टर मारायला सांगितला. या खेपेला काटा १६० पर्यंत चढला.

"रिंगा गेल्यात," ते म्हणाले. "ऑइलनं फट बुजली म्हणून प्रेशर वाढलं. व्हॉल्व्हचं दुखणं असतं तर काटा एवढा हलला नसता." मग हात पुसत विचारलं, "आणि याच्यावर तुला टर्बो बसवायचाय?"

गाडी बाबांची एस्टीम. १.३ लिटरचं इंजिन, नवी होती तेव्हा साधारण ८५ हॉर्सपॉवर. मुंबईच्या जुन्या बाजारातून मी एक वापरलेला टर्बो आणला होता, महिनाभर रात्री जागून व्हिडिओ पाहिले होते आणि डोक्यात १३० चा आकडा बसला होता. अलिबाग–वडखळ रस्त्यावर कार्लेखिंडीच्या चढाला तिसऱ्या गियरमध्ये ही गाडी हल्ली धापा टाकते. तिथे मागून एखादी नवी एसयूव्ही सरकन पुढे जाते तेव्हा मला आतून काहीतरी होतं. ते काय होतं, हे सांगायला मला थोडी लाजच वाटते.

टर्बोची कल्पना मला आवडण्याचं खरं कारण मात्र वेग नव्हतं. ती फुकटात मिळणारी गोष्ट वाटत होती. पेट्रोल जाळून मिळालेल्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्सा सायलेन्सरवाटे हवेत जातो. त्या तापलेल्या धुराने एक चक्र फिरवायचं, त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबायची, एवढीच युक्ती. मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेणारी ही चक्रं. आल्फ्रेड बुची नावाच्या स्विस इंजिनियरने १९०५ साली याचं पेटंट घेतलं. तो वाया जाणाऱ्या उष्णतेच्या मागे लागला होता, आणि हा विचार आपल्याकडच्या कुठल्याही आजीला पटला असता.

पण इंजिन टर्बोसाठी तयार करायचं म्हणजे काय, हे मिस्त्रींनी सांगायला सुरुवात केली तेव्हा फुकटचा हिशेब बिघडला. जास्त हवा आली की जास्त पेट्रोल हवं, म्हणून इंजेक्टर मोठे, पंप मोठा, ईसीयूचा मॅप नवा. दाबलेली हवा तापते, म्हणून ती गार करायला इंटरकूलर. टर्बोच्या बेअरिंगला ऑइल पोचवायची आणि परत आणायची वेगळी लाईन. आणि सगळ्यात मोठी अडचण नॉकिंगची. आधीच साडेनऊ पटींच्या आसपास दाबणाऱ्या सिलिंडरमध्ये आणखी हवा कोंबली, तर ठिणगी पडल्यावर उरलेलं मिश्रण शिस्तीत जळत जाण्याऐवजी एकदम भडकतं. पिस्टनवर हातोडे पडतात. म्हणून पिस्टन बदलून कॉम्प्रेशन आधी कमी करायचं. म्हणजे जोर वाढवायचा तर पहिल्यांदा इंजिन थोडं दुबळं करून घ्यायचं! पिस्टन फोर्ज्ड घ्यायचे, रिंगांच्या टोकांमधली फट वाढवायची, कारण जास्त तापल्यावर रिंग फुगते आणि जागा नसेल तर बोअरच ओरबाडते. शिवाय हेड गॅस्केट, हेडचे बोल्ट, कनेक्टिंग रॉड, क्लच. ते सांगत होते आणि मी मोबाईलवर बेरीज करत होतो. गाडीच्या आजच्या किमतीला ती केव्हाच मागे टाकून गेली होती.

"मग व्हिडिओतले लोक एवढं न करता बसवतात ते?"

"बसवतात ना. कंपनीनं जे राखून ठेवलेलं असतं, ते खातात."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. कंपनी कनेक्टिंग रॉड बनवते तो ८५ हॉर्सपॉवरला जेमतेम पुरेल एवढाच बनवत नाही. थोडा जास्त दणकट ठेवते. थोड्या बूस्टवर जुनं इंजिन काही महिने मजेत पळतं ते या शिलकीवर. आता प्रश्न असा, की ही न वापरलेली ताकद वाया गेलेली असते का? आणि ती खर्च करायचा हक्क कोणाचा? सायलेन्सरमधून जाणारी उष्णता खरंच वाया जाते, तिच्याबद्दल वाद नाही. टर्बो दारात येतो तो ती उष्णता वापरायला, पण आत आल्यावर हात घालतो दुसऱ्याच डब्यात.

माझं आजोळ शहापूर–धेरंड भागातलं, खारपाटातलं. तिथली भातशेती खाडीच्या पाण्यापासून वाचते ती खारबंदिस्तीच्या बांधामुळे. लहानपणी मी आजोबांना विचारलं होतं की पाणी इथपर्यंतच येतं, मग बांध वर एवढा उंच कशाला? त्यांनी उत्तर दिलं नव्हतं, नुसते हसले होते. बांधाचा वरचा हातभर भाग वर्षभर कोरडाच असतो. त्यावरून माणसं चालतात, शेळ्या चरतात. एखाद्या पावसाळ्यात अमावास्येचं उधाण, वारा आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की त्या हातभर मातीचं काम निघतं. ती नसेल तर बांधाला खांड पडते, खारं पाणी शेतात शिरतं, आणि मग तिथे पुढची काही वर्षं धड भात होत नाही. वरची माती काढून कोणी अंगणाला भर घातली, तर त्या दिवशी कोणाचंच काही बिघडत नाही, एवढीच त्यातली मेख.

१९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर नावाची टर्बोवाली गाडी आली होती. कंपनीने कॉम्प्रेशन कमी केलं नाही, सव्वादहा पट ठेवलं, आणि नॉकिंग होऊ नये म्हणून पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण इंजिनात फवारायची सोय केली. त्याची वेगळी टाकी. लोक ती भरायलाच विसरायचे. टाकी रिकामी झाली की गाडी आपोआप बूस्ट कमी करायची आणि मालक तक्रार करायचे की गाडी ओढत नाही. शेवटी कित्येकांच्या गाड्यांचे टर्बो काढून साधे कार्ब्युरेटर बसवून द्यावे लागले. मला यातली गंमत अशी वाटते की इंजिनियरांनी सगळा विचार केला होता, फक्त विसरणारा माणूस हिशेबात धरला नव्हता.

शिलकीची ताकद नेमकी या माणसासाठी असते. ऑइल बदलायला दोन महिने उशीर करणारा, हायवेवर कुठलंही पेट्रोल भरणारा, मे महिन्याच्या उन्हात एसी लावून खिंड चढणारा. आमचा गणपती पेणहून यायचा तेव्हा या एस्टीममध्ये आम्ही सातजण असायचो, मांडीवर मूर्ती, डिकीत मखराचं सामान. कंपनीच्या पुस्तकात हे बसत नाही. गाडीने निमूटपणे केलं. ज्या इंजिनियरने तो रॉड जाड ठेवला त्याने आम्हाला कधी पाहिलं नव्हतं, तरी आमच्या चुका त्याने आधीच पोटात घातल्या होत्या.

याच्या उलट बाजूनेही बोलता येतं, आणि मी स्वतःशी बोललोही. फियाटचं १.३ मल्टिजेट डिझेल आपल्याकडे स्विफ्टमध्ये ७५ हॉर्सपॉवरचं होतं, अर्टिगात ९० चं. म्हणजे वाढवता येत होतंच की! शिल्लक कधीच न वापरणं हा भित्रेपणाही असू शकतो. पण तिथे ९० साठी टर्बोच वेगळ्या जातीचा होता, आणि ज्यांनी शिल्लक ठेवली होती त्यांनीच ती मोजून वापरली, वर वॉरंटीही दिली. मी कोणाला वॉरंटी देणार होतो? कागदावर गाडी माझी नव्हतीच. उद्या विकली तर टर्बो काढून, इंजिन धुऊन, 'सिंगल ओनर, उत्तम कंडिशन' असं लिहिणाऱ्यांपैकी मी होणार नाही, याची मला खात्री देता येईना.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम कंपनीने ठरवलेला तपशील मनाने बदलायला मनाई करतं, जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली. खरं सांगायचं तर मला थांबवलं ते कायद्याने नाही. मिस्त्रींनी विचारलं, "१३० झाले तर ब्रेक कितीचे?" ब्रेक ८५ चेच राहणार होते. साळावच्या पुलाकडून काशीदला जाताना रस्ता गावांच्या मधून जातो, कोर्लईजवळ ओट्यावरून उतरलं की पाय थेट डांबरावर. बांधाच्या वरची माती मी माझ्या अंगणासाठी नेणार होतो, आणि शेत त्या लोकांचं होतं.

त्याच आठवड्यात बाबांनी गॅरेजमध्ये चक्कर मारली. त्यांनी तीस वर्षं शिफ्ट ड्यूटी केली, कोणी आलं नाही की सलग दुसरी शिफ्टही. माझी फी, आईचं ऑपरेशन, ही गाडी, सगळं त्या ओव्हरटाईममधून आलं. आता गुडघे उतरणीवर दुखतात आणि शुगर आहे. तेव्हा आम्ही कोणी विचारलं नव्हतं की हे कुठून येतंय. येत होतं.

उघडं इंजिन पाहून ते जरा वेळ गप्प राहिले. मग तिसऱ्या सिलिंडरमध्ये बोट फिरवून म्हणाले, "इथे धार लागतेय रे."

बोअर केलं, ओव्हरसाईझ पिस्टन आणि रिंगा टाकल्या, नवं हेड गॅस्केट, आणि उरलेल्या पैशांत पुढच्या ब्रेक डिस्क. चारही सिलिंडर आता १८० च्या आसपास दाखवतात. कार्लेखिंडीत एसयूव्ही अजूनही पुढे जाते आणि मला अजूनही आतून काहीतरी होतं. टर्बो खोक्यात घालून माझ्या पलंगाखाली ठेवलाय. परवा झाडू मारताना आईने विचारलं, हे भंगारात द्यायचं का? मी नको म्हणालो.