वाड्यातील कीड आणि भूतदया

श्रीनिवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून निघून नाशकास येते, तेव्हा जुन्या गावातील वाडे वारकऱ्यांच्या नजरेस पडतातच. खांब, तुळया, कडीपाट, सारे लाकडी. त्याच खांबाखाली पिठासारखा भुसा दिसला की म्हातारी माणसे म्हणतात, 'कीड लागली.' औषध लावावे, तर माळकरी मंडळी विचारतात, 'अहो, मुंगीला जपणारे आपण, आणि हे हजारो जीव मारायचे?' प्रश्न खरा आहे. त्याची थट्टा करू नये.

आधी कीड ओळखू. भुंगेऱ्याची अळी लाकडाच्या आत खात खात महिने, कधी वर्षे काढते. बाहेर बारीक गोल भोक दिसते, तेव्हा किडा उडूनही गेलेला असतो. वाळवी जमिनीतून मातीच्या नळ्या करून चढते. तिला ओल लागते. जुन्या सागाचा गाभा मात्र अंगच्या तेलकट द्रव्यांमुळे या दोघांना सहसा दाद देत नाही. गाभ्याबाहेरचे पांढरे लाकूड आणि मागाहून घातलेले हलके लाकूड आधी जाते. गोदाकाठचा पेशवेकालीन सरकारवाडा, चांदवडचा होळकरांचा रंगमहाल पाहावा, म्हणजे लाकूड किती टिकते ते कळेल.

मग कीड आली कशी? बहुधा आपणच बोलावली. कौल सरकले, पाणी तुळईत मुरले. मालक म्हणतो भाडे किती देतोस, भाडेकरू म्हणतो घर कुणाचे. आणि शाकारणी राहिली ती राहिलीच! किड्याने आपला धर्म पाळला, आपण आपला टाकला. आमच्या मते हिंसेचा दोष औषधाच्या दिवशी लागत नाही; शाकारणी चुकली त्या पहिल्या पावसाळ्यातच तो लागला.

तरी आज त्या तुळईखाली लेकरे निजतात. जुन्या नाशकात पावसाळ्यात वाडे कोसळतात, माणसे दगावतात. ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात माउलींनी कोरडे लाकूड भेदणारा, पण कोवळ्या कळीत अडकणारा भ्रमर सांगितला, तो अर्जुनाच्या स्नेहाविषयी. आमची ही दयाही तशीच कळी आहे. किड्यासाठी हळहळायचे आणि शेजारच्या बिऱ्हाडाकडे पाहायचे नाही, याला भूतदया कोण म्हणेल?

औषध लावावेच, टाकणखार व बोरिक पावडरीचे पाणी कोरड्या, रंग खरवडलेल्या लाकडाला पाजतात. पण त्याआधी गळती बंद करावी, भिंतीलगतची माती आणि जळण हलवावे, तुळईवर काठीने ठोकून पाहावे. पोकळ वाजली तर औषध मागून. आधी टेकू द्यावा, आणि त्या रात्री त्या सोप्यात कोणी निजू नये.