लेखकाचा रकाना

दान म्हणजे काय, हा प्रश्न मोठमोठ्या ग्रंथांनी सोडवला असेल. माझ्यापुढे तो गणेश मंडळाच्या हिशेबवहीत आला. कॉमर्सचा पदवीधर आणि त्यात बँकेतला कारकून, म्हणजे खजिनदारकी चुकत नाही! मंडळाचे हौशी नाटक ठरले. मंडप, लाईट, माईक, कपडेपट, चहा-चिवडा, सगळे रकाने भरले. लेखकाचा तेवढा कोरा.

"लेखकाचं काय?" मी विचारले.

"त्याचं काय? तिकीट कुठं लावायलोय आपण? देवाचं काम हाय, साहेब!"

गंमत अशी, की कायदाही मंडळाच्याच बाजूने आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, हौशी मंडळाने फुकट प्रेक्षकांपुढे किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी नाटक केले, तर हक्कभंग होत नाही. एरवी लेखकाचा हक्क हयातभर आणि मागे साठ वर्षे चालतो. १९१९ साली गेलेल्या गडकऱ्यांचे 'एकच प्याला' कोणीही खुशाल करावे. १९९९ साली गेलेल्या शिरवाडकरांचे 'नटसम्राट' तिकीट लावून करायचे, तर २०५९ संपेपर्यंत परवानगी हवी.

कायद्याने सोडले, पण म्हणून आपण सुटलो का? "कार्यक्रम फुकट आहे, बांबू देवाला वाहा," असे मंडपवाल्याला कोणी म्हणत नाही. म्हटले तर तो बांबू घेऊनच येईल! वर्गणीसाठी आपण दारोदार चपला झिजवतो, पावती फाडतो. लेखकाची वर्गणी मात्र न मागता घेतो, आणि त्याला पत्ताही नसतो. खातेदाराला न विचारता त्याच्या खात्यातली रक्कम देवळाला दिली, तर बँकेत त्याला धर्मकार्य म्हणत नाहीत, चौकशी लागते.

फुकट देण्यातले मोठेपण आम्हा हिंगोलीकरांना ठाऊक नाही असे नाही. नामदेवांचे जन्मगाव मानले जाणारे नर्सी आमच्याच जिल्ह्यातले. त्यांचे अभंग लोक शतकानुशतके गाताहेत. त्यांची पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात गेली. एवढे सगळे वाटून टाकले, पण अभंगाच्या शेवटी 'नामा' तेवढा राहिला, आणि कुठल्या भजनी मंडळाने तो 'वेळेअभावी' गाळला नाही. कलम ५७ तरी दुसरे काय सांगते? हक्क विकून टाकला तरी 'हे माझे' म्हणण्याचा, आणि अब्रूला धक्का लावणारी मोडतोड थांबवण्याचा लेखकाचा अधिकार उरतोच. आमच्या फलकावर मात्र पेढेवाल्याचे नाव हातभर, आणि लेखकाचे शोधायला भिंग!

नाव लिहायला पैसे पडत नाहीत. विचारायला फार तर एक पत्र पडते. कायदा नको म्हणतो तेव्हा विचारणे ही भीती झाली. तो सूट देतो तेव्हाही विचारणे, ही रीत. लेखक "करा खुशाल" म्हणाला, तर त्याला दान म्हणावे. "नको" म्हणाला, तर गडकरी आहेतच.